ऊन अजिबात न चालणाऱ्या मुलीला घेऊन डिस्ने वर्ल्ड, कोणी गेलंय का?

सावलीतली | ११ मार्च

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो. लेक सात वर्षांची, इथे तिला ठकू म्हणते. ठकूला ईपीपी आहे, म्हणजे एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया, नाव पाठ व्हायलाच मला महिना लागला. सोप्या भाषेत सांगायचं तर तिला प्रकाश चालत नाही. उन्हात पाच-दहा मिनिटं गेली की आधी हाताला, नाकाच्या शेंड्याला, कानांना मुंग्या येतात, मग खाज, मग आग. बघणाऱ्याला बाहेरून काही दिसत नाही, फार तर जरा सूज आणि लाली, पण पोर आतून भाजत असते. एकदा भडका उडाला की दोन-तीन दिवस गेले समजा, नेहमीची पेनकिलर देऊन ढिम्म फरक पडत नाही, ओली गार फडकी आणि अंधारी खोली एवढंच. निदान व्हायला साडेपाच वर्षं गेली, तोवर नाटकी आहे, लाडावलीये, साबण बदला, सगळं ऐकून झालं.

तर आता मुद्दा. वर्गातली निम्मी मुलं डिस्नेला जाऊन आलीत. ठकूने कधी हट्ट केला नाही, तिला माहितीये. पण परवा रात्री झोपताना विचारलं, "आई, डिस्नेत रात्र होत नाही का?"

मी काय बोलणार. नवऱ्याला उठवून सांगितलं आपण जायचं.

साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) मे मध्ये सांगलीहून येतायत सहा महिन्यांसाठी, त्यामुळे जूनमध्ये सगळे मिळून जाऊ असं डोक्यात आहे. कोणी असं मूल घेऊन गेलंय का, ईपीपीच असं नाही, लुपस, एक्सपी, काहीही उन्हाचं? रांगा किती उन्हात असतात, तिथे काही सवलत मिळते का, कपडे कसले घ्यावेत, जे सुचेल ते लिहा.

पेठेतली | ११ मार्च

डिस्नेला गेले नाहीये पण "रात्र होत नाही का" वाचून गलबललं. वाचतेय.

खडूस_काका | ११ मार्च

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पोरीला त्रास होतो माहितीये तर न्यायचंच कशाला? डिस्ने काय पळून जातंय? मोठी झाली की जाईल. आणि आमच्या लहानपणी एप्रिल-मे आख्खा उन्हात काढला, विटी-दांडू, कैऱ्या पाडणे, कोणाला काही झालं नाही. हल्लीच्या पोरांना सवयच नसते उन्हाची. सकाळचं कोवळं ऊन थोडं थोडं देऊन बघा, व्हिटॅमिन डी पण मिळेल.

सावलीतली | ११ मार्च

काका, राग नाही, अगदी हेच साबांनी फोनवर सांगितलंय, कोवळ्या उन्हासकट. सवयीचं म्हणाल तर उलटं आहे. आज थोडं ऊन लागलं की उद्या तेवढंही सहन होत नाही, दोन मिनिटांत मुंग्या सुरू. आणि मोठी झाली तरी हे जाणार नाहीये.

डॉक्टरीणबाई | १२ मार्च

मी त्वचारोगवाली आहे पण तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण माहिती म्हणून घ्या, तुमच्या डॉक्टरांचं आधी ऐका.

काका, हा सवयीचा प्रश्नच नाही. हिमोग्लोबिनमधलं हीम तयार होतं त्याच्या शेवटच्या पायरीवर फेरोकेलॅटेज नावाचं एन्झाइम लागतं, ते यांच्यात कमी पडतं, मग अलीकडच्या पायरीवरचं प्रोटोपॉर्फिरिन तांबड्या पेशींत साचत जातं आणि तिथून रक्तात, त्वचेत. त्यावर प्रकाश पडला की भाजल्यासारखी आग. आजार वेगळा ओळखून त्याचं नीट वर्णन झालं तेच मुळी १९६१ मध्ये, त्यामुळे बऱ्याच डॉक्टरांनी आयुष्यात एकही पेशंट पाहिलेला नसतो, निदानाला उशीर लागतो तो त्यामुळे. विटी-दांडू खेळणाऱ्या शंभर पोरांत एखादं सतत ओसरीवर बसणारं असायचं ना, त्याला सगळे शेळपट म्हणायचे, त्याला काय होत होतं कोणी विचारलं होतं?

आता ट्रिपच्या कामाचं. बाकीच्यांना उन्हात त्रास होतो तो अतिनील किरणांनी. ईपीपीत खरा दंगा करतो तो साधारण ४०० ते ४१० नॅनोमीटरचा जांभळट-निळा प्रकाश, म्हणजे डोळ्यांना दिसणारा. यातून तीन गोष्टी निघतात ज्या लोक हमखास चुकतात. एक, एसपीएफचा आकडा इथे फसवा आहे, तो अतिनीलसाठी मोजलेला असतो, पारदर्शक सनस्क्रीन एसपीएफ १०० चं लावलं तरी हा प्रकाश आत जातो. लावायचंच तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं जाड, पांढरं फटक दिसणारं, किंवा आयर्न ऑक्साइड घातलेलं तपकिरी रंगाचं. दुसरं, काच. खिडकीच्या, गाडीच्या, विमानाच्या काचेतून हा प्रकाश आरामात येतो, "आत आहोत म्हणजे सुरक्षित" असं नाही. तिसरं, ढगाळ दिवसही चालत नाही. शिवाय पाणी, वाळू, काँक्रीट यांवरून खालून परत येणारा प्रकाश टोपी अडवत नाही.

व्हिटॅमिन डी थेंबांनी, गोळ्यांनी देता येतं, त्यासाठी पोरीला भाजायची गरज नाही. लिव्हरच्या तपासण्या वेळच्या वेळी चालू असतील असं धरते.

सावलीतली | १२ मार्च

डॉक्टरीणबाई, ओसरीवरच्या पोराचं वाचून साबुंना आत्ता फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले आमच्या वाड्यात होता एक. बाकी काही बोलले नाहीत.

व्हिटॅमिन डी चालू आहे, लिव्हर वर्षातून एकदा बघतात, आत्तापर्यंत ठीक. ते ईपीपीसाठी कातडीखाली बसवायचं इम्प्लांटचं औषध आहे ना, अफामेलानोटाइड, त्याला इथे ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली पण ती मोठ्या माणसांसाठी. ठकूला अजून अकरा वर्षं आहेत.

ऑर्लँडोकर | १२ मार्च

इथेच राहतो, दर पाहुण्यामागे एक डिस्ने वारी होते त्यामुळे मार्गदर्शक समजा :)

पहिलं म्हणजे जून विसरा. जूनमध्ये इथे सूर्य मावळतो सव्वाआठच्या पुढे, साडेसहाला उगवतो, म्हणजे जवळजवळ चौदा तास उजेड, दुपारी डोक्यावर उभा. पार्क रात्री दहाला बंद झालं तर तुम्हाला उरले दीड तास आणि त्या दीड तासाला पूर्ण दिवसाचं तिकीट. तेच डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचला गायब. सासू-सासऱ्यांचं सहा महिन्यांचं गणित बघा, मे ऐवजी जुलैत येऊ शकत असतील तर सगळं जमतं.

दुसरं, नुसत्या दिवसाच्या तिकिटाच्या मागे लागू नका. मॅजिक किंगडममध्ये (डिस्नेच्या चार पार्कांपैकी कॅसलवालं) नोव्हेंबर-डिसेंबरात ठराविक रात्री ख्रिसमस पार्टी असते, वेगळं तिकीट, संध्याकाळी सात ते मध्यरात्री बारा, आणि त्याच तिकिटावर दुपारी चारपासून आत सोडतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हॅलोवीन पार्टी असते तशीच. साध्या तिकिटवाल्यांना त्या रात्री लवकर बाहेर काढतात त्यामुळे रांगा कमी. याशिवाय वर्षातल्या काही रात्री आफ्टर अवर्स म्हणून प्रकार असतो, तो आणखी उशिरा सुरू होतो, गर्दी त्याहून कमी, आइस्क्रीम-पॉपकॉर्न फुकट (म्हणजे तिकिटात कापून घेतलेलं). महागड्या हॉटेलवाल्यांना काही रात्री दोन तास जास्त मिळतात ते वेगळंच. सकाळचा अर्धा तास लवकर प्रवेश तुमच्या काही कामाचा नाही, तोवर चांगलं उजाडलेलं असतं.

सवलतीचं. तिथे डीएएस म्हणून सोय आहे ज्यात रांगेत उभं न राहता परत यायची वेळ मिळते. पण २०२४ पासून ती त्यांनी ऑटिझम किंवा तशा विकासाशी संबंधित अडचणींमुळे लांब रांगेत थांबू न शकणाऱ्यांपुरती ठेवलीये. आधी व्हिडिओ कॉलवर बोलावं लागतं. विचारून बघा, विचारायला पैसे पडत नाहीत, पण आख्खा प्लॅन त्यावर उभारू नका. पैसे भरून लाइटनिंग लेन, म्हणजे वेगळी छोटी रांग, घेता येते ती आहेच.

आता राइड्स. मॅजिक किंगडममध्ये आतल्या म्हणजे पायरेट्स, स्मॉल वर्ल्ड, पीटर पॅन, फिलहारमॅजिक, कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस (वीसेक मिनिटं एसीत गोल फिरत बसायचं, आमचे बाबा दर वेळी तिथे झोपतात), टिकी रूम. स्पेस माउंटन पूर्ण अंधारात आहे पण उंची ४४ इंच लागते. हाँटेड मॅन्शन आतून अंधार, रांगेचा काही भाग उघड्यावर. एपकॉटमध्ये नीमो, सोरिन, फ्रोझन, स्पेसशिप अर्थ. हॉलीवूड स्टुडिओज मध्ये राइज ऑफ द रेझिस्टन्स, टॉय स्टोरी मेनिया, मिकी-मिनीची रेल्वे. अ‍ॅनिमल किंगडम सोडून द्या, ते लवकर बंद होतं आणि सफारीचा ट्रक बाजूंनी उघडा.

एक सापळा सांगतो. एपकॉटमध्ये लिव्हिंग विथ द लँड नावाची बोटीची राइड आहे, सगळीकडे "आतली" म्हणून यादीत असते. ती बोट मध्येच हरितगृहात शिरते, खऱ्या काचेच्या छताखाली, टोमॅटोची झाडं वगैरे बघत. डॉक्टरीणबाईंनी काचेचं लिहिलंय ते वाचून लगेच आठवलं. दिवसा नको. अंधार पडल्यावर चालेल.

सावलीतली | १२ मार्च

ऑर्लँडोकर, तुमचे पाय कुठेत. टोमॅटोचं आम्हाला या जन्मात कळलं नसतं.

रमा_नाशिक | १३ मार्च

माझ्या मुलाला अ‍ॅल्बिनिझम आहे. आमचा त्रास वेगळा, त्याला आग होत नाही पण कातडी पटकन भाजते आणि डोळे, उजेडात डोळे उघडताच येत नाहीत. आम्ही खोपोलीला इमॅजिकाला गेलो होतो पावसाळ्यात, ढग आहेत म्हणून निवांत, तर संध्याकाळी मान लालबुंद. ढगांवर विसंबू नका हे अगदी अनुमोदन. तिथे आतल्या राइड्स बऱ्या होत्या, सलीमगढचं भुताचं घर, ते हवेत पाय सोडून भारत बघायचं आय फॉर इंडिया, डीप स्पेस. पण बाहेर दोन राइड्सच्या मध्ये जे चालणं असतं ना तेच जास्त. त्यामुळे राइड आत आहे का यापेक्षा तिथवर जायचा रस्ता कसा आहे ते बघा, हा माझा अनुभव.

आणि लोकांच्या नजरा. टोपी, गॉगल, फुल बाह्या, लोक वळून वळून बघतात, एका बाईने माझ्यादेखत आपल्या पोराला बाजूला ओढलं. मुलगा म्हणाला मम्मी त्यांना वाटतं मी सेलिब्रिटी आहे. आता काय बोलणार.

निशाचर | १३ मार्च

एक्सपीचं वर विचारलंय म्हणून लिहितो. माझ्या बहिणीच्या मुलाला एक्सपी आहे, झेरोडर्मा पिगमेंटोसम. त्यात अतिनील किरणांनी डीएनएला जी इजा होते ती दुरुस्तच होत नाही, लहान वयात त्वचेचे कॅन्सर होऊ शकतात. ठकूला निदान मुंग्या येऊन कळतं तरी, आमच्याकडे बऱ्याचदा त्या क्षणी काहीच दुखत नाही, त्यामुळे धोका मुका आहे. आम्ही अतिनील मोजायचं छोटं मीटर घेऊन फिरतो, दिव्यांखालीसुद्धा मोजतो. पण डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय त्यावरून ते मीटर ईपीपीला उपयोगाचं नाही, शून्य दाखवेल आणि पोर भाजेल, बरोबर ना?

न्यूयॉर्क राज्यात कॅम्प सनडाऊन म्हणून एक्सपीच्या मुलांसाठी रात्रीचा कॅम्प असतो, उलटा दिवस, रात्रभर खेळ आणि पहाटे झोप. भाचा तिथून आल्यापासून आम्ही सगळं उलटंच करतो. दिवसात मुलाला कोंबायचा प्रयत्न सोडून द्यायचा, ट्रिपच रात्रीची करायची. त्यासाठी आधी तीन-चार दिवस झोप सरकवत न्या, नाहीतर आठ वाजता ठकू खांद्यावर झोपेल आणि तुम्ही एवढ्या डॉलरचं ओझं घेऊन कॅसलसमोर उभे.

डॉक्टरीणबाई | १३ मार्च

बरोबर, ते मीटर इथे खोटा धीर देईल. तसंच ते यूपीएफ कपड्यांचं. यूपीएफ पण अतिनीलचंच माप आहे. घट्ट विणीचं, गडद कापड घ्या. साधी परीक्षा, कापड बल्बसमोर धरायचं, उजेड आरपार दिसला की बाद.

पेठेतली | १३ मार्च

आता माझ्या विषयावर आलात! पुण्यातल्या स्कूटीवाल्या मुलींकडे बघा की. डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ, फक्त डोळे उघडे, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, अंगात तो पांढरा सनकोट. आख्खं जग अतिरेकी समजलं तरी पुण्यात कोणी ढुंकून बघत नाही. फक्त सनकोट पांढरा पातळ असतो तो बल्बच्या परीक्षेत नापास होईल, तेव्हा नेव्ही ब्लूमध्ये शिवून घ्या. आणि छत्री आजोबांची काळी जाड कापडाची, ती नाजूक फुलाफुलांची नको, आतून पांढरी किंवा चंदेरी तर अजिबात नको, खालून आलेला उजेड परत तोंडावर टाकते.

साबा येतायत ना, शिवतात का?

सावलीतली | १३ मार्च

शिवतात का!! साबांनी आयुष्यभर गल्लीचे ब्लाउज शिवलेत. विचारते.

वाळवंटी_मराठी | १५ मार्च

उशिरा आलो. आमच्याकडे अबुधाबीला यास बेटावर वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आहे, २०१८ ला उघडलं, ते पूर्णच्या पूर्ण छताखाली आहे, गॉथम, मेट्रोपोलिस, बेडरॉक, टॉम अँड जेरी, सगळं आत, आकाशसुद्धा रंगवलेलं. बाजूला फेरारी वर्ल्ड, २०१० चं, त्याचंही बरंचसं लाल छपराखाली पण ती ताशी २४० किमीवाली फॉर्म्युला रोसा बाहेर जाते. दुबईत आयएमजी, तेही आतलंच पार्क. इथे उन्हाळ्यात पन्नासला टेकतं त्यामुळे सगळ्यांनाच ईपीपी असल्यासारखं पार्क बांधलंय हाहा. भारतातून जाणाऱ्यांनी असं मूल असेल तर हा विचार जरूर करावा, फ्लाइट तीन तासांची.

खडूस_काका | १५ मार्च

हा पर्याय बरा वाटतो. डॉक्टरीणबाई, ते शेळपटवालं लागलं जरा. असो.

सावलीतली | २ एप्रिल

अपडेट: साबा-साबु आता जुलैत येतायत. साबांनी कारण विचारलं, सांगितलं, तर म्हणाल्या मग डिसेंबरच्या हिशोबाने दिवाळीचा फराळ पण होईल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली रविवारची पार्टी पकडायची असं ठरतंय.

सावलीतली | ४ डिसेंबर

धागा वर काढतेय. उद्या पहाटे निघतोय. साबांनी नेव्ही ब्लू ड्रिलच्या कापडाची कुंची शिवलीये, म्हणजे बाळाची असते तशीच पण खांद्यापर्यंत, पुढे टोपीसारखी कड आणि नाकावरून बांधायची पट्टी. हातमोजे त्याच कापडाचे. ठकू म्हणते मी निन्जा आहे.

ऑर्लँडोकर | ४ डिसेंबर

शुभेच्छा! संध्याकाळी मावळतीचा प्रकाश आडवा येतो हे लक्षात ठेवा, टोपीची कड कामाची नाही, साडेपाचच्या आत गाडीतून उतरूच नका.

सावलीतली | १२ डिसेंबर

आलो. जिवंत आहोत. लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

गडबड झाली ती विमानातच. पहाटे सहाचं विमान घेतलं होतं कारण विमानतळावर सगळ्या भिंती काचेच्या, अंधारात आत शिरून अंधारातच बसायचं असा नवऱ्याचा हिशोब. तिथवर झकास. आमच्या रांगेची खिडकी बंद, ठकू मध्ये. साबांनी डब्यातून बेसनलाडू काढला आणि लाडू खायला ठकूने हातमोजे काढले. नेमकं तेव्हा वर सूर्य उगवला आणि पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी झापड सरकवून सूर्योदयाचा व्हिडिओ करायला घेतला. त्यांना काय माहीत. मला कळेपर्यंत उजेडाची पट्टी तिच्या हातांवर होती, आणि ती काही बोलली नाही, लाडू संपवत होती. मी नंतर विचारलं का नाही बोललीस, तर म्हणाली, "मग तुम्ही परत नेलं असतं."

शुक्रवार रात्र आणि शनिवार आख्खा हॉटेलात गेला. पडद्यांच्या फटी कपड्यांच्या चिमट्यांनी आणि काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांनी बंद केल्या (हे दोन्ही घरून न्या, मोलाचा सल्ला), हातांवर गार फडकी आणि आम्ही पाच जण टॉर्चच्या उजेडात गुलामचोर. ती पत्ते धरू शकत नव्हती, साबु तिचे पत्ते धरून बसायचे आणि बघून घ्यायचे, पकडले गेले. नशीब मधला एक दिवस मोकळा ठेवला होता. आज ऊन लागलं की उद्या सहन होत नाही हे माहीत असल्याने ठेवला होता, तेव्हा अशी ट्रिप करणाऱ्यांनी पहिल्या दिवसाचं बुकिंग अजिबात करू नका.

रविवारी दुपारी तीनपर्यंत सगळे झोपलो. तिकिटावर चारला आत जाता येत होतं, नवऱ्याच्या जिवाची तगमग, दीड तासाचे पैसे वाया म्हणून. साडेपाच वाजून गेल्यावर हॉटेलमधून निघालो. पार्किंगपासून मॅजिक किंगडमला जायला मोनोरेल आणि फेरी दोन्ही असतात, आम्ही फेरी घेतली. वरच्या डेकवर गेलो. पूर्ण अंधार, तलावावर वारं, लांब कॅसल निळा-पांढरा पेटलेला. ठकूने विचारलं कुंची काढू? मी आकाशाकडे बघितलं, नवऱ्याने घड्याळाकडे, आणि साबा म्हणाल्या काढ गं. तिने काढली, ती पुढे कठड्यापाशी जाऊन उभी राहिली आणि तिचे केस सगळे उडायला लागले. एवढ्या माणसांत, बाहेर, पाण्याजवळ, डोक्यावर काही नाही. मला रडू आलं ते लपवायला मी बॅगेत काहीतरी शोधत राहिले.

आता गंमत ऐका. आम्ही नवरा-बायको ऑर्लँडोकरांची आतल्या राइड्सची यादी पाठ करून गेलो होतो, लॅमिनेट केलेला कागद होता. आत शिरल्यावर म्हटलं चल पायरेट्स, तर नको. पीटर पॅन? नको. स्मॉल वर्ल्ड? नको. मग काय हवंय? तिला डम्बो हवा होता, कपबशा हव्या होत्या, घोड्यांचा पाळणा हवा होता, म्हणजे झाडून सगळ्या उघड्यावरच्या. मी म्हटलं अगं आतमध्ये किती मस्त असतं, तर म्हणाली, "आतमध्ये तर मी रोजच असते."

कागद नवऱ्याने घडी घालून खिशात टाकला.

डम्बोत चार वेळा बसली, दोनदा माझ्याबरोबर, एकदा साबांबरोबर (साबा नऊवारीत नव्हत्या पण पाचवारीत डम्बोत चढणं हाही बघण्यासारखा प्रकार होता), एकदा साबु. रात्री मेन स्ट्रीटवर बर्फ पाडतात, पोरं नाचत होती, ठकूने हातावर घेऊन वास घेतला आणि जाहीर केलं हा साबण आहे. शोभेचं दारूकाम बघितलं. पावणेबाराला कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसमध्ये गेलो कारण मोठ्यांचे पाय गेले होते, साबु झोपले, ऑर्लँडोकर तुमच्या बाबांना सांगा.

सोमवारी संध्याकाळी एपकॉट. अंधार पडल्यावर टोमॅटोंच्या बोटीत बसलो, छान आहे, साबांनी वांग्याच्या झाडावर बरंच भाष्य केलं. डीएएसच्या भानगडीत आम्ही पडलोच नाही, पार्टीच्या रात्री रांगा वीस-पंचवीस मिनिटांच्या वर गेल्या नाहीत आणि अंधारात उभं राहायला तिला काहीच अडचण नव्हती, उलट रांगेत पुढच्या मुलीशी दोस्ती केली. परतीचं विमान रात्रीचं घेतलं होतं. हे जाताना का नाही सुचलं देव जाणे.

पैसे खूप गेले, खोटं कशाला बोलू. पण दोनच संध्याकाळी केल्या म्हणून चार दिवसांच्या तिकिटांपेक्षा कमीच.

निशाचर | १२ डिसेंबर

"आतमध्ये तर मी रोजच असते." बहिणीला पाठवलंय.

खडूस_काका | १२ डिसेंबर

लाडवाचं वाईट वाटलं. बाकी पोरगी खमकी आहे.

रमा_नाशिक | १३ डिसेंबर

खूप छान झालं. एक विचारायचंय, हातमोजे घालून ती सीटबेल्ट, बाटलीचं झाकण वगैरे कसं करते? माझा मुलगा लगेच काढून फेकतो. आणि कुंचीत गुदमरत नाही का?

डॉक्टरीणबाई | १३ डिसेंबर

हातांचं आता कसं आहे? पुढच्या वेळी विमानात बसल्या बसल्या हवाईसुंदरीला सांगून आजूबाजूच्या तीन-चार रांगांना विनंती करायची, लोक ऐकतात. आणि विमानात खाणं चमच्याने, मोजे घालूनच.

सावलीतली | १३ डिसेंबर

हात बरे आहेत, बोटांच्या पेरांवर जरा जाड झाल्यासारखं वाटतं ते आधीपासून आहे. चमच्याचं लिहून ठेवलं, आता लाडू चुरून वाटीत.

रमा, साबांनी पहिले मोजे नेहमीसारखे शिवले ते तिनेही काढून फेकले. मग दुसऱ्या जोडीत तळव्याच्या बाजूला मऊ होजिअरीचं कापड आणि वरच्या बाजूला ड्रिल असं केलं, कारण उजेड मुख्यतः वरच्या बाजूला लागतो, आणि बोटं पूर्ण झाकलेली पण अंगठा न् पहिलं बोट इथे फडकं उलटं करून मागे बटणाला अडकवता येतं, आत असताना. झाकण उघडता येतं, पेन्सिल धरता येते. कुंचीला कानांपाशी दुहेरी कापड देऊन मध्ये फट ठेवलीये, हवा येते पण सरळ उजेड येत नाही, शेतातल्या इरल्यासारखं काहीतरी म्हणतात त्या. माप कसं घ्यायचं ते मला नाही सांगता येणार, साबा सगळं वितीने मोजतात. उद्या त्यांना टेप घेऊन बसवते आणि इंचात टाकते इथे.

पेठेतली | १३ डिसेंबर

साबांना म्हणावं वीत कोणाची ते पण लिहा.